जमाखर्चाच्या यंत्राचे अंतरंग : प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांनी गेल्या अर्धशतकात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात जो लौकिक मिळविला, त्याचा वृत्तांत सांगताना आपण बहुधा माणसांपासून आरंभ करतो: कोणी कंपनी काढली, कोणी आयातीचा परवाना मिळविला, कोणी परदेशातील पहिले काम पदरात पाडून घेतले, याची हकिकत रंगते आणि तेथेच संपते. ही हकिकत खोटी नाही, परंतु अपुरी आहे. कारण या सर्व माणसांच्या पुढ्यात एक यंत्र उभे होते, त्या यंत्राच्या पोटात एका विशिष्ट घडणीचा प्रोसेसर होता, आणि त्या घडणीने जे सुलभ केले व जे दुर्घट ठेवले, त्यावरच या माणसांच्या कसबाला कोणते वळण लागावे हे पुष्कळ अंशी ठरत गेले. प्रस्तुत पुस्तक त्या घडणीविषयी आहे. १९६५ ते १९८० या पंधरा वर्षांत मिनिकॉम्प्युटर या नावाने ओळखली जाणारी जी यंत्रे कचेऱ्यांतून दाखल झाली, त्यांचे प्रोसेसर कसे आखले होते, कोणत्या सामग्रीचे बनविले होते, आणि त्यांच्यावर जमाखर्चाचे काम करून घेताना काय अडचणी आल्या, हा त्याचा विषय.

मोठ्या संगणकाची लहान आवृत्ती काढली, किंमत उतरविली आणि ती व्यापाऱ्याच्या हाती दिली, असा एक समज प्रचलित आहे. माझे मत याहून निराळे आहे. मिनिकॉम्प्युटर हा मूळचा प्रयोगशाळेचा जीव. कचेरीत आल्यावर तेथील खतावणीने, पगारपत्रकाने आणि ग्राहकांच्या नावांच्या यादीने त्याच्यापुढे अशा मागण्या ठेवल्या की, त्या पुरविता पुरविता त्याच्या आज्ञा, त्याची स्मृती आणि त्याचे अंकगणित या तिहींचे स्वरूप पालटले. हिशेबनिसाच्या गरजेने प्रोसेसर घडला, हे या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे.

प्रयोगशाळेतील जन्माचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ साली पीडीपी-८ हे बारा बिटांचे यंत्र बाजारात आणले, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९६९ साली, आपल्या उपनगरांच्या दक्षिण टोकाला ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, हा बाराच बिटांचा संगणक सिद्ध झाला. पुढे त्याचे उत्पादन हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनकडे गेले. बारा बिटांत ४०९६ भिन्न मूल्ये मावतात. अणुभट्टीतील उष्णतामापकाचे किंवा दाबमापकाचे वाचन जितके बिनचूक असू शकते, त्याला इतक्या पायऱ्या पुरून उरतात. अशा यंत्राचे काम म्हणजे उपकरणाकडून आकडा घ्यावयाचा, तो मर्यादेत आहे की नाही हे ताडून पाहावयाचे आणि विनाविलंब झडप उघडावयाची किंवा मिटावयाची; तेथे शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो बिटांचा गट, लहान असणे हा दोष नसून काटकसर होती. ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी ही काटकसर डोळसपणे पत्करली, आणि परदेशी चलन दुर्मीळ असलेल्या त्या काळात देशी बुद्धीने असे यंत्र उभे केले, याबद्दल त्यांच्याविषयी वाटणारा आदर येथेच व्यक्त करणे मला उचित वाटते.

याच कुळातील दुसरे यंत्र म्हणजे डेटा जनरल कंपनीचे नोव्हा. पीडीपी-८ च्या रचनेत ज्यांचा प्रमुख हात होता त्या एडसन द कास्त्रो यांनी १९६८ साली डिजिटल सोडून ही कंपनी काढली आणि १९६९ साली सोळा बिटांचे नोव्हा विक्रीस आले. या यंत्राशी मुंबईचा संबंध निकटचा आहे. कारण पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी १९७८ साली डेटा जनरलची यंत्रे भारतात विकण्याच्या उद्देशाने उभी राहिली, पुढे अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त तिचे ठाणे झाले, आणि तिच्याच सॉफ्टवेअर विभागातून बाहेर पडून नारायण मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली इन्फोसिसची स्थापना केली. तेव्हा नोव्हाची एकच आज्ञा आपण जवळून पाहू.

सोळा बिटांची ही आज्ञा आहे. डावीकडचा पहिला बिट एक असला की ही अंकगणिताची आज्ञा आहे असे प्रोसेसर ओळखतो. पुढील दोन बिट चार संचयकांपैकी, म्हणजे प्रोसेसरमधील आकडा धरून ठेवणाऱ्या घरांपैकी, कोणत्यातून आकडा उचलावयाचा ते सांगतात, त्यापुढील दोन तो कोणत्या संचयकातील आकड्याशी भिडवावयाचा ते. नंतरचे तीन बिट बेरीज, वजाबाकी, नुसती नक्कल, चिन्हबदल अशा आठ क्रियांपैकी एक निवडतात. एवढ्यावर दुसरे कोणतेही यंत्र थांबले असते. येथे मात्र आणखी दोन बिट उत्तर डावीकडे सरकवावे, उजवीकडे सरकवावे, की त्याचे दोन अर्धे परस्परांच्या जागी ठेवावेत हे ठरवितात. दोन बिट हातच्याची पूर्वस्थिती नेमतात. एक बिट आलेले उत्तर साठवू नये, नुसते तपासावे, असे म्हणू शकतो. आणि शेवटचे तीन बिट उत्तर शून्य आहे काय, हातचा आला काय, हे पाहून पुढची आज्ञा ओलांडावी की नाही याचा निर्णय करतात. एक, दोन, दोन, तीन, दोन, दोन, एक आणि तीन: सोळांपैकी एकही बिट फुकट गेलेला नाही. प्रोसेसरच्या रेखनात इतकी घट्ट वीण फार थोड्या ठिकाणी आढळते. शिवाय मूळ नोव्हात सोळा बिटांची बेरीज करणारा परिपथ नव्हताच. चार बिटांचा एक छोटा परिपथ चार फेऱ्यांत ती बेरीज पुरी करी, कारण त्या काळची चुंबकीय स्मृती इतकी मंद होती की घाई करून साधावयाचे फारसे नव्हते, आणि वाचलेल्या प्रत्येक परिपथामागे किंमत उतरत होती.

आता हेच यंत्र आपण कचेरीत आणून बसवू आणि त्याला पगारपत्रक करावयास सांगू.

भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा पैसा हे एकक धरून सर्व रकमा पूर्णांकांत लिहाव्यात हा साधा उपाय प्रथम सुचतो. परंतु सोळा बिटांच्या एका शब्दात अधिक-उणे चिन्हासह मोठ्यात मोठी संख्या मावते ती ३२,७६७. म्हणजे तीनशे सत्तावीस रुपये सदुसष्ट पैसे. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून लोकलने फोर्टात जाणाऱ्या कारकुनाचा महिन्याचा पगारसुद्धा १९७० नंतर पुष्कळदा एवढ्यात मावत नसे. दोन शब्द जोडले तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांपर्यंत जाते. ही व्यक्तीला पुष्कळ झाली, पण भांडुपच्या किंवा कांजूरमार्गच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या वार्षिक उलाढालीला ती अपुरी. म्हणजे तीन शब्द घ्यावयाचे, आणि प्रत्येक बेरजेच्या वेळी खालच्या शब्दाचा हातचा वरच्या शब्दात नेण्यासाठी आज्ञांची एक लांब माळ लिहावयाची.

एवढे करूनही खरी अडचण पुढेच आहे. द्विमान पद्धतीत साठविलेली रक्कम कागदावर छापावयाची तर तिला पुनःपुन्हा दहाने भागून एकेक अंक सुटा करावा लागतो, आणि मूळ नोव्हात भागाकार हा प्रोसेसरचा अंगभूत गुण नव्हता. त्यासाठी वेगळी सामग्री वेगळ्या किमतीला घ्यावी लागे, नाही तर तो सरकवणी व वजाबाकी यांच्या आवर्तनांतून करावा लागे. शास्त्रज्ञाच्या हाती आलेला आकडा यंत्रात शिरल्यावर हजारो क्रियांतून जातो आणि मग एकदा बाहेर पडतो, म्हणून रूपांतराचा भार त्याला जाणवत नाही. खतावणीतील रक्कम आत येते, तिच्यात एक बेरीज होते आणि ती लगेच छपाईच्या वाटेला लागते. येथे आकडेमोड थोडी आणि रूपांतर फार. आणि कोणी दशांश अपूर्णांक वापरून रुपयातच हिशेब करू म्हणेल, तर दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा हिस्सा, द्विमान अपूर्णांकात कधीच पुरा उतरत नाही. त्याचे शेपूट आवर्ती राहते, कोठे तरी ते छाटावे लागते, आणि ताळेबंदाच्या तळाशी एक-दोन पैशांची तफावत येते. पदार्थविज्ञानात ती तफावत नगण्य ठरते, पण लेखापरीक्षकापुढे ती आक्षेपास पात्र होते, आणि तो आक्षेप रास्तच असतो.

यावरचा उपाय जुना होता. १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीच्या कचेरीत जो आयबीएम १४०१ दाखल झाला, त्यात प्रत्येक दशमान अंक स्वतंत्रपणे साठविलेला असे, आणि रक्कम जेथे संपते तेथे एक खूण ठेवलेली असे. बेरीज उजवीकडून अंकामागून अंक करीत त्या खुणेशी थांबे, म्हणून रक्कम पाच अंकी असो की पंधरा अंकी, प्रोसेसरला त्याची क्षिती नव्हती. हीच कल्पना मिनिकॉम्प्युटरने पुढे आपल्या पद्धतीने आत्मसात केली. चार बिटांत एक दशमान अंक ठेवावयाचा. आठ आणि पाच यांची द्विमान बेरीज ११०१ आली की ती नवाहून मोठी आहे हे ओळखून तिच्यात सहा मिळवावयाचे, म्हणजे ००११ हा तीनाचा अंक उरतो आणि हातचा एक पुढच्या घरात जातो. शाळेत पाटीवर जे आपण करीत होतो तेच हे गणित. ते प्रोग्रामने करावयाचे तर प्रत्येक अंकामागे अनेक आज्ञा खर्ची पडतात, परिपथाने करावयाचे तर मोजक्या अधिक गेटांत भागते. डेटा जनरलने आपल्या पुढील इक्लिप्स मालिकेत व्यापारी कामासाठी स्वतंत्र आज्ञासंच दिला, डिजिटलने पीडीपी-११ मध्ये तसाच दिला. प्रयोगशाळेत जन्मलेल्या दोन्ही घराण्यांनी हिशेबनिसाची मागणी अशा रीतीने मान्य केली.

ही मागणी मुळापासून मान्य करून ज्याची आखणी झाली असे यंत्र म्हणजे बरोज कंपनीचे बी-१७००. त्याचा परामर्श या पुस्तकात सर्वांत विस्ताराने घेतला आहे. १९७२ साली ही मालिका निघाली. त्या मालिकेतील बी-१७२८ हे यंत्र टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ साली मुंबईत आणले, आणि यंत्राच्या किमतीच्या दुप्पट मूल्याची निर्यात करून दाखवू, या सरकारी अटीवर त्याचा आयात परवाना मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. कंपनीचे फकीरचंद कोहली यांनी ती अट पत्करली आणि तीतूनच भारतीय सॉफ्टवेअरच्या निर्यातीची पायवाट पडली, असेही म्हटले जाते. परंतु ते यंत्र आतून कसे होते याकडे फारसे कोणी वळत नाही.

बी-१७०० च्या रचनाकारांनी, ज्यांत वेन विल्नर यांचे नाव अग्रगण्य आहे, शब्दाची ठराविक लांबी ही कल्पनाच मोडीत काढली. इतर यंत्रांत स्मृती ही आधीच कापून ठेवलेल्या सोळा-सोळा बिटांच्या तुकड्यांची असे. येथे ती अखंड ताग्यासारखी होती, आणि कोणत्याही बिटापासून हवे तितके बिट मोजून घ्यावेत अशी मुभा होती. स्मृतीतील पत्ता बिटाचा. एका फेरीत चोवीसपर्यंत बिट उचलता येत, आणि ते पुढच्या दिशेने किंवा मागच्या दिशेने उचलता येत. कोबोल भाषेत सात अंकी रुपये व दोन अंकी पैसे असे एक घर आखले तर त्याचे नऊ अंक होतात, म्हणजे छत्तीस बिट. सोळा बिटांच्या यंत्रात त्यासाठी तीन शब्द, म्हणजे अठ्ठेचाळीस बिट अडकतात, आणि येथे छत्तीसच लागत. एका खात्यात असे दहा-बारा आकडे आणि हजारो खाती असली म्हणजे ही बचत किती, हे ज्याने त्या काळच्या स्मृतीच्या किमती पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको. चोवीस बिटांचा जो क्रियापरिपथ होता, त्याला एका नियंत्रक बिटसमूहाने द्विमान किंवा दशमान असे सांगता येई. दशमान सांगितले की सहा अंकांची बेरीज तो एका दमात करी.

याहून धाडसाची गोष्ट पुढे आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली असे सुचविले होते की, यंत्राची आज्ञा आणि तिचा परिपथ यांच्या मध्ये आणखी सूक्ष्म आज्ञांचा एक थर ठेवावा. बरोजने तो थर बदलता ठेवला. कोबोलचा प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर कोबोलला सोयीच्या आज्ञा जाणणारे यंत्र असे, आणि क्षणात पाळी बदलून फोर्ट्रानचा प्रोग्राम आला की सूक्ष्म आज्ञांचा दुसरा संच लागू होऊन तेच लोखंड फोर्ट्रानचे यंत्र बने. कोणत्याही एका आज्ञासंचाशी परिपथ कायमचा बांधून घालावयाचा नाही, कामाचे स्वरूप पाहून तो संच नेमावयाचा, हा विचार आजही मला विलक्षण उदार वाटतो. वेगाच्या शर्यतीत या रचनेची काही पिछेहाट झाली हे खरे, आणि बाजाराने पुढे निराळा मार्ग धरला हेही खरे. पण व्यापारी कामाचा इतका सांगोपांग विचार करून आखलेला प्रोसेसर त्या दशकात दुसरा झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा झाला. टाटांच्या आरंभीच्या निर्यातकामांत बरोजच्याच एका मालिकेवर चालणारा रुग्णालयाच्या हिशेबाचा प्रोग्राम दुसऱ्या मालिकेवर चालेल असा करून देणे, हे काम होते. अशा रूपांतरात भाषा तीच असते, पण अंक कसे साठविले जातात, चिन्ह कोणत्या टोकाला असते, घर कोठे सुरू होते व कोठे संपते, हे सर्व पालटते; ज्याला दोन्ही प्रोसेसरांची अंतर्रचना ठाऊक नाही त्याच्या हातून ते काम निर्दोष होणे नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रात टाटा-बरोज ही कंपनी उभी राहिली, तिचीच पुढे टाटा युनिसिस व नंतर टाटा इन्फोटेक झाली. ललित कनोडिया यांची डेटामॅटिक्स १९७५ साली निघाली. या सर्वांचे भांडवल म्हणजे यंत्राच्या पोटात काय चालते हे जाणणारी माणसे होती.

सीप्झ, म्हणजे सांताक्रूझचे नाव धारण करणारे पण प्रत्यक्षात अंधेरीच्या मरोळलगत वसलेले निर्यातक्षेत्र, १९७३ साली स्थापन झाले, आणि त्याची जागा पाहिली की या इतिहासाचे एक भौगोलिक अंग ध्यानात येते. एका बाजूस पवईची आय.आय.टी., जेथे सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक होता; खाली ट्रॉम्बे; आणि पूर्वेस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेली कारखान्यांची रांग, जिच्या पगारपत्रकांना व मालसाठ्याच्या नोंदींना या यंत्रांची गरज भासत होती.

सामग्रीविषयी येथे थोडक्यात सांगतो. आरंभीची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. तारांच्या जाळ्यात ओवलेल्या त्या कड्या वीज गेली तरी आशय विसरत नसत, मात्र वाचताच आशय पुसला जाई आणि प्रत्येक वाचनानंतर तो पुन्हा लिहावा लागे. प्रोसेसर ७४०० मालिकेच्या टीटीएल चिपांचा असे. त्यांतील १९७० सालची ७४१८१ ही चोवीस पायांची चिप चार बिटांचे संपूर्ण अंकगणित एका वेष्टनात देई; चार चिपा शेजारी बसविल्या की सोळा बिटांचा प्रोसेसर अर्धा तयार. नोव्हाचा प्रोसेसर पंधरा इंच चौरसाच्या मोजक्या पाट्यांवर मावे, आणि परिपथाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसणारा दुरुस्तीवाला बिघडलेली चिप नेमकी हुडकून काढू शके. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या आपल्या दमट हवेत कनेक्टरांच्या जिभांवर चढणारा ओलसर थर, आणि तो काढण्यासाठी पाट्या उपसून पुन्हा बसविण्याचा सोपस्कार, ज्यांनी हे काम केले त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. १९७५ साली २९०१ या चिपेने चार बिटांचा संपूर्ण काप दिला, नोव्हा-४ तशा चार कापांवर उभा राहिला, आणि अखेर सबंध प्रोसेसर एकाच चिपेत गेल्यावर त्याच्या आत डोळ्याने पाहण्यासारखे काही उरले नाही.

धोरणाची बाजू स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ साली नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीने १९७२ साली अहवाल दिला. कारकुनांच्या रोजगाराची चिंता त्या काळी किती गंभीरपणे केली जाई याचा तो पुरावा आहे, आणि ती चिंता अनाठायी होती असे मी मानत नाही. १९७८ साली आयबीएमने देश सोडला, तिच्या यंत्रांची निगा कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली, आणि देशी मिनिकॉम्प्युटर बनविण्यास खाजगी कंपन्यांना वाव मिळाला. १९८३ साली बँक व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन शाखांतून खतावणी यंत्रांना जागा मिळाली. या घटनांचा उल्लेख पुढील प्रकरणांत प्रोसेसरच्या अनुषंगाने येईल तेवढाच.

वाचकाकडून इलेक्ट्रॉनिक्सच्या पूर्वज्ञानाची अपेक्षा ठेवलेली नाही. ज्याला हातचा म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन द्विमान बेरीज करून पाहण्याइतका धीर आहे, त्याला पहिली पाच प्रकरणे अडणार नाहीत. बी-१७०० वरील प्रकरणे मात्र सावकाश वाचावीत, आणि तेथील उदाहरणे स्वतः सोडवावीत अशी शिफारस करतो.

आणखी एक विनंती आहे. या यंत्रांच्या परिपथपुस्तिका, सूक्ष्म आज्ञांचे तक्ते, दुरुस्तीच्या नोंदवह्या आणि कधी कधी प्रत्यक्ष पाट्याही, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील निवृत्त अभियंत्यांच्या माळ्यांवर अद्याप असण्याचा पुष्कळ संभव आहे. इमारतींचा पुनर्विकास निघाला की घरे रिकामी होतात आणि असे कागद प्रथम रद्दीत जातात. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते वजनावर विकू नये. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या विज्ञानकेंद्राला रीतसर यादी करून द्यावे, आणि यंत्र कोठे बसविले होते, कोणत्या सालापर्यंत चालले व त्यावर कोणते काम होत असे, एवढे तरी एका कागदावर लिहून सोबत ठेवावे.